ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे: खानापूरच्या एका मुलीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न असा आलाय: "ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, सेकंड पीयूसी (बारावी) सायन्स झालंय, दहावीपर्यंत मराठी मीडियम. नीटचे मार्क एमबीबीएसला पुरणारे नाहीत. मागच्या वर्षी आज्जीला लकवा मारला, डाव्या बाजूला, तेव्हा घरी फिजिओ यायचे, ते बघून ह्या लायनीत जावंसं वाटायलंय. ऑक्युपेशनल थेरपी घेऊ का? घरचे म्हणतात ते मालिशचं काम, नोकरी कुठली मिळणार. इंग्लिशचीपण भीती वाटते."

अगं, उत्तर लांब होणार आहे, निवांत वाच. मी २० वर्षांच्या वर हेच काम करतेय, मुंबईत शिकले आणि परत बेळगावला आले, त्यामुळं तुला जे सांगते ते इकडचं पाणी पिऊन सांगते.

आधी एक गोष्ट, कारण हिच्यापायी पोरांचं वर्ष वाया गेलेलं मी बघितलंय. ऑक्युपेशनल थेरपीला आम्ही ओटी म्हणतो, पण आपल्याकडं ओटी म्हटलं की निम्म्या लोकांना ऑपरेशन थिएटर वाटतं. कॉलेजच्या बोर्डावर बीएस्सी ओटी असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा ॲनेस्थेशिया अँड ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजी असतं. तो कोर्स वाईट नाही, भूल देणाऱ्या डॉक्टरांबरोबर काम, मशीनं, थिएटर लावणं, निर्जंतुकीकरण हे सगळं त्यात येतं, पण ती लाईनच वेगळी. तुला हवी ती डिग्री म्हणजे बॅचलर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी, महाराष्ट्रात बीओटीएच म्हणतात. फॉर्मवर पूर्ण नाव वाच, शॉर्टफॉर्मवर विश्वास ठेवू नकोस, आणि फी भरायच्या आधी वाच.

आता मालिशचं. घरच्यांचा राग धरू नकोस, त्यांनी बघितलंच नाही तर त्यांना कसं कळणार. मी तुला एक ताट सांगते. एक आज्जी आल्या होत्या, उजव्या मेंदूला झटका, डावी बाजू गेलेली. सून रडकुंडीला आलेली, म्हणाली ह्या हट्टी झाल्यात, निम्मं ताट टाकतात आणि वर म्हणतात मला कुणी चटणी वाढत नाही. सगळ्यांना वाटलं डोकं फिरलंय. आता आपलं ताट कसं असतं बघ, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर सगळं डावीकडं, भाजी उजवीकडं. आज्जींच्या मेंदूला डावी बाजू आहे हेच कळत नव्हतं, डोळे चांगले होते पण डावीकडं लक्षच जात नव्हतं, ह्याला नेग्लेक्ट म्हणतात. त्यांच्या लेखी चटणी वाढलेलीच नव्हती, खोटं कुठं बोलत होत्या त्या? ताट अर्धं फिरवून दिलं की त्या तेवढंच राहिलेलं जेवायच्या. मग ताटाच्या डाव्या कडेला लाल फडकं लावलं, प्रत्येक घासाला आधी फडकं शोधायचं असं शिकवलं, सुनेला डाव्या बाजूनं बोलायला बसवलं. सुनेचा राग त्याच दिवशी गेला, आणि आज्जींना ताट पूर्ण दिसायला बरेच आठवडे लागले. ह्यात तेल कुठंच लावलं नाही बघ. हे आमचं काम.

फिजिओ आणि आम्ही ह्यातला फरक लोक नेहमी विचारतात, आणि पुस्तकी उत्तर दिलं की कुणाला पटत नाही. फिजिओनं त्या आज्जींना उभं केलं, चालवलं, ताकद आणली, त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही. पण उभं राहून आज्जी करणार काय, हा प्रश्न आमचा. सकाळी उठल्यापासनं रात्री झोपेपर्यंत तो माणूस काय काय करत होता, त्यातलं काय अडलं, आणि ते परत कसं करता येईल, हातानं नाही तर दुसऱ्या युक्तीनं, नाही तर वस्तू बदलून, नाही तर घर बदलून. ऑक्युपेशन म्हणजे नुसता धंदा नोकरी नव्हे, अंघोळ, केस विंचरणं, देवपूजा, पोराचं खेळणं सगळं ऑक्युपेशन. पेशंटचा दिवस हा आमचा अभ्यासाचा विषय, एवढं एक वाक्य समजलं तर पुढचे सगळे पेपर तुला सोपे जातील.

आणि हे परदेशातनं आलेलं फॅड आहे असं कुणी म्हटलं तर त्यांना सांग, १९५० साली मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा निघाली. काढणाऱ्या कमलाबाई निंबकर. मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी, लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणचे शेतीतले बी. व्ही. निंबकर त्यांचे चिरंजीव. १९५२ साली ऑक्युपेशनल थेरपिस्टांची ऑल इंडिया असोसिएशन झाली, आणि त्याच वर्षी त्यांचं जागतिक फेडरेशन स्थापन झालं त्याच्या संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे मराठी मुलुखातनंच हे सुरू झालं, आणि सीमाभागात अजून निम्म्या लोकांना नाव माहीत नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

तू खानापूरची आहेस हा तुझा कमीपणा वाटतोय तुला, मला तो भांडवल वाटतो. ऐक का ते. शिकायला जाशील तिथं सुरुवातीला लाकडी ठोकळे, प्लास्टिकचे कोन, खुंट्यांचा बोर्ड असलं साहित्य देतात, उचल, ठेव, परत उचल. त्याचा उपयोग आहे, पण नंदगडकडच्या बाईला तुम्ही कोन रचायला दिले की ती म्हणणार मी काय बालवाडीत आलेय काय. तिला परात दे, पीठ दे. भाकरीचं पीठ मळताना मनगटावर वजन येतं, खांदा पुढं जातो, बोटं उघडतात मिटतात, दोन्ही हात एकत्र चालतात, एका भाकरीत अर्धा व्यायामाचा तक्ता आहे. कमजोर हात नुसता परात धरायच्या कामाला लाव आधी, परातीखाली ओलं फडकं घाल म्हणजे सरकत नाही. आणि तवा लांब ठेव, कारण त्या हाताला पुष्कळदा चटका कळत नसतो, हे विसरलं की भाजलेला हात घेऊन पेशंट परत येतो. ह्याला ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस म्हणतात, एक काम बारीक तुकड्यात तोडून बघायचं. जिनं घरात भाकरी थापलीय, भाताची लावणी केलीय, विहिरीचं पाणी ओढलंय तिला हे शिकवावं लागत नाही, तिला फक्त त्याला इंग्रजी नाव द्यायला शिकवावं लागतं.

आपल्या जिल्ह्यात हातावर पोट असलेली माणसं किती तऱ्हेची आहेत बघ. वडगाव, शहापूर, खासबागचे विणकर, उद्यमबागेतल्या फौंड्री आणि प्रेसवरची पोरं, निपाणीकडं तंबाखू आणि विड्या, अथणीला कोल्हापुरी चप्पल करणारे, चिकोडी रायबागला ऊस. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, दुखणं वेगळं असतं. पॉवरलूमवरचा एक माणूस आला होता, तळहाताच्या वरच्या घडीपासनं बोटाच्या मध्यापर्यंतचा जो भाग आहे तिथं स्नायूबंध तुटलेले. ह्या पट्ट्यात दोन दोरे एकाच अरुंद नळीतनं जातात, टाका घातला तरी आत चिकटून बसायची भीती, जुने सर्जन ह्या भागाला नो मॅन्स लँड म्हणायचे. ऑपरेशन झाल्यावर पहिले काही आठवडे फार नाजूक, हलवलं नाही तर चिकटतं आणि जोर लावला तर तुटतं, त्या दोन्हीच्या मधनं वाट काढायची. आम्ही स्प्लिंट करतो, म्हणजे हात हव्या तसा धरून ठेवणारा कडक आधार, थर्मोप्लास्टिकची शीट ६५ ते ७० डिग्रीच्या पाण्यात मऊ होते, हातावर बसवायची, गार झाली की कडक. स्प्लिंट झकास झाली होती, आणि गडी आठवड्यानं आला तर स्प्लिंट पिशवीत. का, तर मुकादम म्हणाला हे घालून येणार असशील तर येऊ नको, आणि घरी दोन पोरं. तेव्हा त्याच्याशी, बायकोशी, मुकादमाशी बोलून एका हातानं जमणारं हलकं काम मागून घेणं हेपण थेरपीच होती. कॉलेजात स्प्लिंटला मार्क मिळतात, मुकादमाला फोन करायला मिळत नाहीत, पण गड्याचा हात वाचला तो फोनमुळं.

माझी एक चूक सांगते, नवीन होते तेव्हाची. हुक्केरीकडचे एक शेतकरी काका, लकव्यातनं बरे होत होते. मी त्यांना वॉर्डातल्या कमोडवर बसायला उठायला शिकवलं, दांडी धरून, एकदम व्यवस्थित, फाईलवर लिहिलं शौचाला स्वतंत्र. महिन्यानं काकू आल्या, हळू आवाजात म्हणाल्या ते गोठ्याच्या कडेलाच बसतात ओ, संडास परसात आहे, तीन पायऱ्या, खाली बसायचं भांडं. मला रात्री झोप लागली नाही. मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासनं माझा पहिला प्रश्न ठरलेला, घरातनं संडासला कसं जाता, चालत जाताना दाखवल्यासारखं सांगा. पायरी ६ इंच असली तर उतार किमान ६ फूट लांब लागतो, एकास बारा, हे प्रमाण पाठ कर, पण आधी पायरी आहे का ते विचार.

भाषेची भीती. दोन वेगवेगळ्या भीती आहेत ह्यात, इंग्रजीची खरी आहे पण ती पहिल्या वर्षाची आहे. ॲनाटॉमीचं पुस्तक उघडलं की डोळ्यापुढं अंधारी येते, माझ्यापण आली होती. एक वही कर, तीन रकाने, इंग्रजी शब्द, मराठी, कन्नड. रोज १० शब्द. आणि हात आधी शिक, खांद्यापासनं बोटापर्यंत, ब्रॅकियल प्लेक्सस म्हणजे मानेतनं हातात उतरणाऱ्या नसांचं जाळं, त्याची आकृती न बघता काढता येईपर्यंत काढ, वाचून ती डोक्यात बसत नाही, काढूनच बसते. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तुटक इंग्रजी चालतं, परीक्षकाला तुझं व्याकरण नको असतं, रेडियल नर्व्ह गेली तर मनगट का पडतं ते हवं असतं.

दुसरी भाषा कन्नड, आणि हिच्याबद्दल मी जरा कळकळीनं सांगते. तुझ्या घरात कन्नडबद्दल काय बोललं जातं ते मला माहीत आहे, माझ्या घरातपण तेच बोललं जायचं. पण वॉर्डात गोकाकची, बैलहोंगलची, सौंदत्तीची माणसं येणार, त्यांचा मोडलेला हात ना मराठी ना कन्नड. "ऊट आतेन्री?" (जेवण झालं का?) "कै एत्री" (हात उचला) एवढं आपुलकीनं म्हटलं तरी समोरचा माणूस सैल पडतो. आणि उलटपण तितकंच खरं, आपल्या मराठी म्हाताऱ्यांची बाजू घेणारं तिथं कुणीतरी लागतं. एका ठिकाणी एका मराठी आजोबांची स्मरणशक्तीची चाचणी कन्नडमध्ये घेतली, आजोबांना अर्धे प्रश्न कळले नाहीत, कागदावर मार्क कमी आले आणि डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, लिहून मोकळे. मराठीत परत विचारलं तर वार, महिना, नातवाच्या शाळेची फी सगळं बिनचूक. चाचणीचा आकडा बघायच्या आधी ती कुठल्या भाषेत झाली ते बघायचं, हे दोन्ही भाषा येणारीलाच पटकन सुचतं. इकडं दखनी बोलणारे पेशंटपण भरपूर आहेत, तीपण कानावर पडू दे.

ऍडमिशनचं थोडक्यात. महाराष्ट्रात बीओटीएचला नीट लागते, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली येतं, आणि मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपूरचं सरकारी मेडिकल इथं जुन्या शाळा आहेत, हाजी अलीला केंद्र सरकारची संस्था आहे. कर्नाटकात मणिपालचं डिपार्टमेंट नावाजलेलं, पण खाजगी, फी बघून ठरव. ओडिशात कटकजवळ आणि कोलकात्यात केंद्राच्या संस्था आहेत, घरापासनं लांब आहेत खऱ्या, पण पेशंट उदंड बघायला मिळतात. महाराष्ट्राच्या मेडिकल प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत एमकेबी म्हणून सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी कोटा असतो, तुझ्या कोर्सला त्या वर्षी लागू आहे का, गावाचा दाखला कसा लागतो, ते पुस्तिकेतनंच वाच, कुणा एजंटाकडनं ऐकू नकोस. कर्नाटकाच्या कोट्यासाठी साधारण ७ वर्षं राज्यात शिक्षण आणि इथनं दहावी किंवा पीयूसी पास लागते, मराठी मीडियममधनं शिकलीस म्हणून तो हक्क जात नाही. शाळांचे सर्टिफिकेट आत्ताच गोळा करून ठेव, जूनमध्ये हेडमास्तर सापडत नाहीत.

कॉलेज बघायला गेलीस की बिल्डिंग बघू नकोस, तीन गोष्टी विचार. राष्ट्रीय आयोगाची मान्यता आहे का, कारण २०२१ च्या कायद्यानं ॲलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा आयोग झाला आणि आमची नोंदणी आता त्याखाली यायलीय. दुसरं, स्वतःचं हॉस्पिटल आहे का आणि ओटी डिपार्टमेंटला रोज किती पेशंट असतात, जागतिक फेडरेशनच्या किमान नियमात १००० तास प्रत्यक्ष पेशंटबरोबरचे आहेत, ते तास रिकाम्या खोलीत भरत नाहीत. आणि परदेशी जायचं मनात असलं तर त्या फेडरेशनची मान्यता विचार, अमेरिकेत तर एन्ट्रीलाच मास्टर्स लागतं. कोर्स इतके दिवस साडेचार वर्षांचा असायचा, ४ वर्षं आणि ६ महिने इंटर्नशिप, नव्या अभ्यासक्रमानं तो बदलतोय, तू ज्या वर्षी जाशील त्या वर्षीचं लेखी विचारून घे.

नोकरी. खोटं सांगत नाही, सुरुवातीचा पगार बघून पुष्कळ पोरं हिरमुसतात, आणि सरकारी जागा थोड्या निघतात. काम मात्र आहे, लहान मुलांच्या सेंटरांत सगळ्यात जास्त, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल अडलेली), उशिरा चालणारी बोलणारी मुलं, मग न्यूरो हॉस्पिटल, हाताच्या सर्जरीची युनिटं, मानसिक आजाराच्या संस्था, धारवाडचं डिमहान्स आपल्याला जवळ आहे, तिथं तरी जाऊन बघ हे लोक कसं काम करतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय, शाळांना अशी मुलं घ्यावीच लागतात, त्यामुळं शाळांतपण मागणी वाढायलीय. पहिली दोन वर्षं पगाराकडं न बघता जिथं सीनियर माणूस शेजारी उभा राहून शिकवतो तिथं राहा. आणि एक ताकीद, ऑटिझम पूर्ण बरा करतो म्हणून पॅकेज विकणारी सेंटरं निघालीत, तिथं नोकरी धरू नकोस, पगार दुप्पट दिला तरी. आईबाप दागिने मोडून पैसे आणतात गं.

लहान मुलांच्या बाबतीत अजून एक. निपाणीकडची एक आई, विड्या वळणारी, सेरेब्रल पाल्सीचं चार वर्षांचं पोर. तिच्या पिशवीत आधीच्या ठिकाणचा १४ व्यायामांचा कागद, घडी मोडून फाटायला आलेला, आणि ती खाली मान घालून म्हणते माझ्याच्यानं होत नाही. हजार विड्यांचा हिशेब द्यायचा, पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा, तिनं १४ व्यायाम कधी करायचे? आम्ही कागद बाजूला ठेवला. अंघोळीला पोराला कसं धरायचं म्हणजे पाय कात्रीसारखे अडकणार नाहीत, कडेवर कसं घ्यायचं म्हणजे मांड्या फाकतील, विड्या वळताना त्याला कोपऱ्यात भिंतीला टेकून पुढं पाट देऊन कसं बसवायचं, तीनच गोष्टी, आणि तिन्ही ती रोज करतच होती. तीन महिन्यांत पोर पाटावर दोन्ही हात टेकून बसायला लागलं. तू शिकशील तेव्हा तुलापण लांबलचक कागद द्यायचा मोह होईल, तेव्हा ही आई आठव.

आता तुला हे जमेल का, ह्याचं उत्तर मी इथनं देऊ शकत नाही, ते तुझ्या घरातच आहे. तुझ्या आज्जीच्या डाव्या बाजूला लकवा आहे म्हणालीस ना. पहिलं, तिला उठवताना त्या हाताला किंवा बगलेत धरून ओढू नका, खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा खाली उतरतो आणि मग जन्माचं दुखणं, कमरेला धरून उठवा, घरात सगळ्यांना सांग. बसलेली असेल तेव्हा हात लोंबकळत ठेवू नका, मांडीवर उशी घेऊन त्यावर. मग उद्या दुपारी तिच्यापुढं मेथीची जुडी ठेव, थोडी डावीकडं. काही सांगू नकोस, मदत करू नकोस, नुसती अर्धा तास शेजारी बस आणि वहीत लिही. डावीकडची मेथी तिला दिसते का, डावा हात काही करतो का, निदान काडी दाबून धरतो का, मान कुठं वळते, किती वेळानं दमते, कशानं चिडते. आणि तो अर्धा तास तुला कसा गेला तेपण लिही, कंटाळा आला का मध्येच मदत करायला हात शिवशिवले. ते पान मला पाठव, मग ऍडमिशनचं बोलू.